खाली मारलेला शिक्का

परवा सकाळी आमच्या कर्वेनगरच्या गल्लीत प्रचाराची रिक्षा आली. कुठलीशी पोटनिवडणूक आहे. आधी भोंग्याची खरखर, मग कुणीतरी माइकवर मारलेली टिचकी, मग एका बाईचा गोड, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज: ‘मतदार बंधू-भगिनींनो, आपल्या हक्काच्या...’ समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारे काका रिक्षाकडे न बघताच म्हणाले, ‘हक्काच्या म्हणजे कुणाच्या, ते आधी ठरवून या.’ रिक्षा पुढे गेली. मी मात्र गॅसपाशी तशीच उभी राहिले. खांदे आपोआप वर आले होते, जबडा आवळला होता. निवडणूक आल्याचं माझ्या शरीराला माझ्याआधी कळतं.

पुण्याच्या थंडीत लोकांना काय काय आठवतं. सिंहगडाच्या पायथ्याचा हुरडा, हातगाडीवर तिखटमीठ लावून मिळणारे पेरू, कपाटातून काढलेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास. मला दहा शब्दांचं एक वाक्य आठवतं. ‘या वस्तीतल्या बायकांना फुकटचं खायची सवय लागलीय, यांना नळ कशाला?’ वाक्य तोंडपाठ आहे, त्यातला श्वाससुद्धा. ‘लागलीय’नंतर बोलणारी एक क्षण थांबते. मी ते इतक्या वेळा ऐकलं की ती थांबते तेव्हा मीही श्वास धरते.

तो महापालिकेच्या निवडणुकीचा हिवाळा होता. मी एका लहानशा मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर काम करत होते, अजूनही करते. डेक्कनजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत फॅक्टचेकचं टेबल, म्हणजे मी आणि आमचे संपादक पराडकर. निवडणुकीत फिरणारे व्हिडिओ, फोटो, पत्रकं तपासायची आणि प्रत्येकावर एक शिक्का मारायचा. खरे, खोटे, दिशाभूल करणारे, अंशतः खरे. पराडकर जुन्या छापखान्यातून आलेले, मुद्रितशोधन करता करता संपादक झालेले. ते म्हणायचे, ‘मेधा, आपलं काम एवढंच. शब्द तपासायचे. माणसं तपासायला गेलीस तर बुडशील.’ मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं.

संक्रांतीचे दिवस होते. शहरभर उमेदवारांचे हळदीकुंकवाचे समारंभ चालले होते. मांडवात खुर्च्या, उखाणे, वाणात स्टीलचे डबे, डब्यांच्या झाकणावर चिन्ह. अशाच एका समारंभातली चौदा सेकंदांची क्लिप एका सकाळी आमच्याकडे आली. सकाळी नऊला एका वाचकाने पाठवली, अकरापर्यंत चाळीसएक जणांनी. क्लिपमध्ये पांढऱ्या साडीतली चाळिशीची एक बाई हातात माइक धरून ते वाक्य म्हणते. डोळे बारीक करून, मान उडवून, अगदी हिणवत. खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘बघा तुमच्या ताईंचं खरं रूप.’

त्या बाईंचं नाव विशाखा ओव्हाळ. खडकीला लागून असलेल्या एका वस्तीतून अपक्ष उभ्या होत्या. वडील दारूगोळा कारखान्यात कामगार होते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी विशाखाताई बारा वर्षं अभ्यासिका चालवत होत्या. बुद्धविहाराच्या मागची एक खोली, आठ बाकं, एक पंखा. पक्ष नाही, झेंडा नाही. त्यांचा प्रचार म्हणजे अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्या मुली रजा काढून दारोदार फिरत होत्या.

मी त्याच दुपारी खडकीला गेले. रेल्वे फाटकाच्या अलीकडे दुचाकी लावली आणि विचारत विचारत वस्तीत शिरले. त्या समारंभाचं सगळं चित्रण शेजारच्या एका बाईच्या फोनमध्ये मिळालं. तिने ते आपल्या सुनेला पाठवायला केलं होतं, सून नव्या साडीत दिसते म्हणून. त्यात विशाखाताईंचं बोलणं अथपासून इतिपर्यंत होतं. त्या सांगत होत्या, ‘पाण्यासाठी चौथ्यांदा कचेरीत गेले, तर तिथला माणूस मला तोंडावर काय म्हणाला माहितेय?’ आणि मग त्या माणसाची नक्कल. डोळे बारीक, मान उडवलेली. ‘या वस्तीतल्या बायकांना फुकटचं खायची सवय लागलीय, यांना नळ कशाला?’ पुढे बायकांचा हशा, आणि विशाखाताई गंभीर होऊन म्हणतात, ‘हसू नका. हे उत्तर मतदानाला जाताना लक्षात ठेवा.’

मागचं कापलं होतं, पुढचं कापलं होतं. मधे उरली होती फक्त नक्कल. इतकं साफ प्रकरण आमच्या टेबलावर क्वचितच येतं. मी तिथेच एका ओट्यावर बसून बातमी लिहायला घेतली. हातात अक्षरशः उत्साह होता, आणि त्याची मला आज लाज वाटते. संध्याकाळी पाचला बातमी गेली. सोबत आमचं नेहमीचं कार्ड. वर आमचं नाव, मधे मोठ्या अक्षरात दावा, म्हणजे तेच वाक्य आणि विशाखाताईंचा फोटो, आणि खाली लाल रंगात आडवा शिक्का, ‘खोटे’.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडहून कुंदामावशीचा फोन आला. मावशी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेली, सोसायटीच्या ग्रुपची अनधिकृत पर्यवेक्षक.

‘अगं, काय बाई आहे ती! मी कालपर्यंत म्हणत होते, कुणीतरी खोडसाळपणा केला असेल. पण आता तुझ्याच साइटने दिलंय म्हटल्यावर...’

‘काय दिलंय आम्ही?’

‘तिचा फोटो, तिचं वाक्य. तुमचं नाव आहे की वर.’

मी म्हटलं, मला पाठव. पाठवलं. आमचं कार्ड होतं. आमचं नाव, आमचा निळा रंग, आमचीच अक्षरं. फक्त खालचं दोन बोटं कापलेलं. शिक्का गेला होता.

मी मावशीला समजावलं, पूर्ण बातमी पाठवली, पूर्ण व्हिडिओ पाठवला. ती वाचेपर्यंत फोन धरून थांबले. मग ती हळूच म्हणाली, ‘बरं. म्हणजे ती असं म्हणाली नाही.’

‘नाही.’

‘पण बोलण्याची पद्धत बघ ना तिची. म्हणूही शकली असती.’

‘मावशी!’

‘ओरडू नकोस. मनात आलं ते सांगितलं.’

मावशी वाईट नाही. तिने वर्गात कुठल्या मुलाला त्याच्या आडनावावरून वेगळं बसवलं नाही. पण ‘म्हणूही शकली असती’ या तीन शब्दांवर मारायला माझ्याजवळ शिक्का नव्हता. कुणी काय म्हटलं ते तपासता येतं. कुणाबद्दल काय खरं मानायला आपण आधीपासून तयार बसलेलो असतो, त्याचं मूळ चित्रण कुणाच्या फोनमध्ये मागायला जायचं?

ऑफिसला पोचते तोवर विशाखाताईंचा फोन. त्यांचा आवाज मी व्हिडिओत इतका ऐकला होता की ओळख असल्यासारखं वाटलं.

‘मॅडम, आपण माझ्या बाजूने लिहिलंत, माहितेय मला. पण आपलं ते चित्र काढून टाका.’

‘ते आमचं राहिलेलं नाही, ताई. कुणीतरी कापलंय. आम्ही नवीन टाकतोय.’

‘माझ्या वस्तीतल्या निम्म्या बायकांनी ती क्लिप पाहिलीच नव्हती. त्यांच्याकडे एवढे भारी फोन नाहीत. आता त्यांना दुसऱ्यांनी बोलावून दाखवलं. क्लिप नाही, आपलं चित्र. वर्तमानपत्रवाल्यांनी छापलंय, म्हणून.’

मी काहीतरी बोलत होते. शिक्का, पूर्ण बातमी, दुवा. त्या ऐकून घेत होत्या. मागे बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, ‘एक मुलगी सकाळी अभ्यासाला आली नाही. तिच्या आईने पाठवलं नाही.’ आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आम्ही कार्ड बदललं. शिक्का आता वाक्याच्या अंगावरच, आडवातिडवा, कापायला गेलं तर वाक्यही कापलं जावं असा. पराडकर स्वतः उभे राहून तो फिरवून बघत होते. मग पुटपुटले, ‘छापखान्यात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लोकांच्या हातात दुरुस्ती जायची. आता दुरुस्ती कुणाच्या हातात जाते ते देवालाच ठाऊक.’

मी पुन्हा खडकीला गेले. पूर्ण व्हिडिओ फोनवर घेऊन. हे आमच्या कामात बसत नव्हतं, पण गेले. सार्वजनिक नळापाशी हंडे रांगेत लावलेले होते, ऊन खात चार-पाच बायका बसल्या होत्या. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी नीट पाहिला, माना हलवल्या. एकीने आपली मैत्रीण मागे बसलेली दिसते म्हणून पुन्हा लावायला सांगितला. मग सगळ्यांत वयस्क होती ती म्हणाली, ‘तुमचं खरं असंल हो मॅडम. विशाखाला मी लहानपणापासून बघते, ती असं बोलायची नाही.’

मला हायसं वाटलं. मी फोन पिशवीत टाकला.

‘पण मी ते ऐकलं ना,’ ती म्हणाली. ‘तिच्याच तोंडून ऐकलं. आता ती समोर आली की कानात तेच येतं. त्याला मी काय करू?’

नळाला पाणी आलं, सगळ्या एकदम उठल्या, हंड्यांचा खणखणाट झाला.

त्या बाईला खोटं पटलेलं नव्हतं. खरं काय ते तिला माझ्याही आधी ठाऊक होतं. तरी तिच्या कानाला इजा झाली होती, आणि मी बरोबर नेलं होतं ते औषध फक्त ज्यांना खोटं पटलंय त्यांच्यासाठीचं.

आणि मग मेल आला. प्रचाराचा शेवटचा आठवडा होता. पाठवणाऱ्याने आपली ओळख ‘एक जागरूक नागरिक’ अशी दिली होती. भाषा अतिशय सभ्य. ‘आपण निष्पक्ष असाल तर हेही तपासावे.’ सोबत विशाखाताईंच्या पत्रकाचा फोटो: ‘वस्तीत जलवाहिनी आणली.’ आणि कागद. जलवाहिनीला मंजुरी मिळाली होती ती विशाखाताईंच्या पहिल्या अर्जाच्या आधी.

मी दोन दिवस कागद तपासले. कचेरीत गेले, माहितीच्या अधिकारातली जुनी उत्तरं काढली. कागद खरे होते. मंजुरी आधीची होती. पण मंजुरीनंतर काम रस्त्याच्या तोंडाशी येऊन बंद पडलं होतं, खड्डा तसाच पडून होता, आणि ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून विशाखाताईंनी अर्जांवर अर्ज केले होते. काम निम्मं झालं, पाणी वस्तीच्या कडेच्या नळापर्यंत आलं, ते त्यांच्यामुळेच. ‘रखडलेली जलवाहिनी पुढे सरकवली’ असं लिहिलं असतं तर शंभर टक्के खरं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आणली’.

पराडकरांसमोर कागद ठेवले.

‘अंशतः खरे,’ ते म्हणाले.

‘सर, आत्ता? तिच्यावर एवढं खोटं चालू असताना?’

‘समोरच्या उमेदवाराचं असतं तर?’

मी कागद एकावर एक लावत राहिले.

‘बोल ना. समोरच्याचं असतं तर तू काल दुपारीच छापून मोकळी झाली असतीस.’

‘समोरच्याने चौदा पत्रकांत चौदा वचनं दिलीत. “पुणे बदलून टाकू.” त्यातलं काय तपासू मी? वचन तपासता येत नाही. ढोबळ बोलेल तो सुटतो आणि जी बाई नेमकं बोलायला जाते ती आपल्या तावडीत सापडते.’

पराडकरांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते. ‘बरोबर आहे तुझं,’ ते म्हणाले. ‘पण हा मेल आपण दाबला, तर उद्या त्या क्लिपवरचा आपला “खोटे”सुद्धा कुणी मानणार नाही. मानूही नये.’

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली एकामागून एक प्रचाराच्या रिक्षा चालल्या होत्या, एकीचं गाणं दुसरीत मिसळत होतं. दोघांचंही बरोबर होतं आणि निर्णय मलाच घ्यायचा होता, कारण बातमीवर नाव माझं जाणार होतं. मी तासभर शब्द जुळवत बसले. बंद पडलेल्या कामाचा पाठपुरावा त्यांनीच केला, हे पहिल्या परिच्छेदात घेतलं. मग शिक्का मारला.

प्रचार संपायला एक दिवस उरला होता. दुपारी चारच्या सुमारास खडकीच्या बाजूला एक रिक्षा फिरत असल्याचं एका वाचकाने कळवलं, आवाजही पाठवला. ‘जलवाहिनीचं श्रेय लाटणाऱ्या उमेदवाराचा फॅक्टचेकमध्ये पर्दाफाश! पत्रकारांनीच दिला निर्वाळा!’ माझा पहिला परिच्छेद त्यात नव्हता. त्यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. मी सवयीने तपासायला घेतला आणि मधेच थांबले. ‘लाटणाऱ्या’ हे मत, ‘पर्दाफाश’ हा अलंकार, ‘निर्वाळा’ आम्हीच दिलेला.

निकालाच्या दिवशी विशाखाताई हरल्या. थोडक्यात नाही, फार मोठ्या फरकानेही नाही. क्लिपमुळे हरल्या का, जलवाहिनीमुळे, की अपक्ष बाई एरवीही हरलीच असती, हे मला माहीत नाही आणि ते कळायची सोय नाही. क्लिप कुणी कापली तेही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी तक्रार दिली होती, तिचं पुढे काय झालं ते त्यांनाही कुणी सांगितलं नाही. कुंदामावशीने मतमोजणी बघताना मला फोन केला आणि म्हणाली, ‘तुझी ती बाई पडली गं.’ ‘तुझी’ म्हणाली. मी खोडून काढलं नाही.

पंधरा दिवस गेले. थंडी उतरायला लागली होती. एका रविवारी सकाळी मी अभ्यासिकेत गेले. सात-आठ मुली खाली मान घालून लिहीत होत्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फळ्यावर भूगोलाचे प्रश्न. विशाखाताईंनी मला बाहेरच्या पायरीवर बसवलं, आतून चहा आणला. काय बोलायचं ते मी दुचाकीवर तीनदा घोकलं होतं.

त्याच बोलल्या. ‘पाण्याचं आपण बरोबर लिहिलंत. पत्रकात मी आधी “पाठपुरावा केला” असंच लिहिलं होतं. छपाईवाला म्हणाला, ताई, पाठपुरावा कोण वाचतं? मोठं लिहा. मलाही ते बरं वाटलं. लिहिलं.’

‘मी त्यात लिहिलं होतं की बंद पडलेलं काम...’

‘वाचलं मी. सगळं वाचलं. वाचणारी बहुतेक मी एकटीच.’ हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. ‘मॅडम, आपलं खरं आणि त्यांचं खोटं, दोन्ही एकाच आठवड्यात एकाच फोनवर आलं. घरी बसलेल्या माणसाने काय धरायचं? तिच्याबद्दल काहीतरी आहे, एवढंच त्याने धरलं.’

आतून एका मुलीने काहीतरी विचारलं. त्या उठून गेल्या, फळ्यावर उत्तर लिहून परत आल्या. बोटांना खडू लागला होता.

‘एक विचारू? परत तशी वेळ आली, तर छापाल?’

मला खोटं बोलायचं नव्हतं. निदान तिथे, त्या पायरीवर तरी. ‘हो,’ मी म्हटलं. ‘छापेन.’

त्यांनी मान डोलावली, जशी त्या मुलींचं उत्तर बरोबर आल्यावर डोलावत असतील.

‘छापा. छापायलाच पाहिजे. पण आदल्या दिवशी मला विचारायला हवं होतं. मी स्वतःच सांगितलं असतं, हा शब्द चुकला म्हणून. चौकात उभी राहून सांगितलं असतं. मग त्या रिक्षाकडे बोलायला काही उरलं नसतं.’

‘ताई, मी फोन केला होता. तीन वेळा. लागला नाही. बातमीच्या शेवटी तसं लिहिलंय, प्रतिक्रिया मिळू शकली नाही म्हणून.’

‘त्या दिवसांत अनोळखी नंबरवरून मला काय काय ऐकवत होते, ते आपल्याला माहीत नाही. फोन बंद करून मडक्यामागे ठेवला होता.’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘सुनेची साडी दिसते तो व्हिडिओ शोधायला आपण इथपर्यंत आला होतात, मॅडम. तेव्हा पत्ता सापडला होता.’

कामाच्या रीतीत माझं काहीच चुकलेलं नव्हतं, नियमाप्रमाणे सगळं झालं होतं, तीन फोनांच्या वेळासुद्धा नोंदवलेल्या होत्या.

‘पुढच्या वेळी दारात या,’ विशाखाताई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.